पहिल्या रविवारची बैठक

आमच्या ऑफिसात अकोल्याहून बदलून आलेले एक सहकारी आहेत. घर त्यांनी अमरावतीला हलवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडायची आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन थेट टेबलावर यायचं, असा त्यांचा क्रम. अशाच एका सोमवारी चहा पिताना ते मला म्हणाले, "साहेब, तुमच्या मिसेस काल फार चांगल्या बोलल्या."

मला वाटलं, बाजारात कुठं भेटली असेल. मी विचारलं, "कुठं भेटली तुमाले?"

"आमच्या बैठकीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते ना, ती."

"कोणती बैठक?"

आता त्यांना चुकल्यासारखं झालं. कप बशीत ठेवत ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "ते... मरणावर बोलतात ते. मी आई गेल्यापासून जातो. तुमाले माईत असंल असं वाटलं मले."

मी हसून वेळ मारून नेली. "हो हो, बोलली होती ती," असं काहीतरी म्हणालो. पण चहा अर्धाच ठेवून उठलो.

माझी बायको दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकोल्याला जाते, हे मला माहीत होतं. माझा मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. वहिनी तिथं एकटीच राहते. मुलगा बाहेरगावी नोकरीला. "जाऊबाईकडं जाऊन येते," असं सांगून बायको सकाळच्या बसनं जायची आणि दिवेलागणीपर्यंत परत यायची. मी कधी सोबत गेलो नाही. सुटीच्या दिवशी मला घरात बरंच काम निघायचं. ती काही खोटं बोलली नव्हती. फक्त सगळं सांगितलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर विचारायला हवं होतं. "काय गं, कसल्या बैठकीत जाते तू?" इतकं साधं वाक्य. पण ते तोंडातून निघेना. कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. चांगलं धडधाकट माणूस मरणावर बोलायला महिन्याच्या महिन्याला शंभर किलोमीटर जाईल कशाला? मी पायऱ्या चढत होतो तेव्हाच माझ्या मनानं उत्तर ठरवून टाकलं होतं. तिला काहीतरी झालं आहे. आणि ती ते माझ्यापासून लपवते आहे.

आमच्या घरात मरणाबद्दल बोलत नाहीत. देवधर्माची भीती म्हणून नव्हे. आम्ही बौद्ध, सगळं अनित्य आहे हे लहानपणापासून वंदनेत ऐकलेलं. पण ऐकणं वेगळं. माझे वडील धामणगाव रेल्वेला रुळांच्या गँगमध्ये कामाला होते. मी शाळेत होतो तेव्हा एका दुपारी ते ड्यूटीवरून आले, क्वार्टरच्या ओट्यावर बसले, आईला पाणी मागितलं. आई तांब्या भरून बाहेर आली तोवर संपलं होतं. पंचावन्नावं चालू होतं त्यांना. त्यानंतर आईनं त्या दुपारचा विषय कधी काढला नाही, आम्हीही नाही. दादा गेला तोही पंचावन्नाव्याच वर्षी, अकोल्याला, आपल्या घरी, दुपारीच. मी पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. कसा गेला, काय झालं, हे मी वहिनीला विचारलं नाही. जलदान विधी झाला, लोक पांगले, मी अमरावतीला परत आलो.

आणि आता मला चोपन्नावं सरत आलं होतं.

दादा गेल्यापासून मी काय करत होतो, ते कोणाला माहीत नव्हतं. जेवल्यावर छातीत जळजळलं तरी हात मनगटावर जायचा. ऑफिसच्या पायऱ्या चढताना मी मनातल्या मनात दम मोजायचो. डावा हात जड वाटला की आदल्या दिवशी त्या हातानं काय उचललं होतं ते आठवायचो. मोबाइलवर लक्षणं वाचायचो आणि मग वाचलेलं पुसून टाकायचो. डॉक्टरकडं मात्र गेलो नाही. डॉक्टर काहीतरी सांगेल, ही भीती.

आता ही सगळी नजर मी बायकोकडं वळवली.

आणि एकदा त्या नजरेनं बघायला लागलं की दिसतंच. तिनं लोखंडी कपाटातल्या चांगल्या साड्या काढून भाचीला दिल्या. मी विचारलं, "इतक्या चांगल्या साड्या काहून दिल्या?" ती म्हणाली, "पडूनच तर राहतात. नेसणार कोण?" नेसणार कोण! मी दिवसभर त्या दोन शब्दांत अडकून पडलो. मग एके दिवशी ती शिकवते त्या शाळेतून परत आली, तर हाताच्या कोपरात कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला.

"हे काय?"

"रक्त दिलं तपासायले."

"कायचं रक्त?"

"थायरॉइडचं. थकल्यासारखं होते म्हणून डॉक्टरीण म्हणे पाहून घ्या."

"मले काहून नाही सांगितलं?"

"अहो, रक्त तपासायचं त्यात काय सांगायचं?" ती पिशवीतली भाजी काढत म्हणाली. "तुमी ना, उगाच घाबरता."

रिपोर्ट चांगला आला असं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही.

त्याच सुमाराला तिनं मोटर ड्रायव्हिंगचा क्लास लावला. आमची गाडी मीच चालवायचो. तिनं इतक्या वर्षांत कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. सकाळी शाळेच्या आधी क्लासची गाडी दारात यायची आणि ही ओढणी घट्ट खोचून त्यात बसायची. पहिल्या दिवशी परत आली ती घामानं निथळत, चेहरा पांढराफटक. म्हटलं, "या वयात कायले हे उपद्व्याप?"

"शिकून घेते ना."

"जायचं कुठं तुले?"

ती डबा भरायला आत गेली. मला वाटलं, माणसाला कळलं की वेळ थोडा आहे, तर राहून गेलेल्या इच्छा तो अशाच पुऱ्या करत असेल. तिला कधीपासून गाडी शिकायची होती का, हे मला माहीतही नव्हतं. ते आठवून आणखीच कसंतरी झालं.

ते काही आठवडे मी धड जेवलो नाही. ती स्वयंपाक करताना खोकली तरी मी दाराशी जाऊन उभा राहायचो. ती वैतागायची. "काय पाहून राहिले?" "काही नाही." ती माझ्या आधी झोपली की तिचा श्वास ऐकायचो. आता आठवतं, त्या दिवसांत मी स्वतःच्या नाडीला एकदाही हात लावला नाही. ते माझं मलाही कळलं नव्हतं.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार जवळ आला तसं मला बसवेना. शनिवारी जेवताना म्हटलं, "उद्या मी पण येतो अकोल्याले."

तिचा घास हातात थांबला. "काहून?"

"वहिनीकडं बरेच दिवस जाणं झालं नाही."

तिनं तो घास खाल्ला. मग म्हणाली, "या. पण गाडी मी चालवीन."

कच्चा परवाना तिनं आधीच काढून ठेवला होता, पक्का नुकताच मिळाला होता. बडनेरा मागं पडेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. माझा उजवा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत होता. हायवेला दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं पुढं सरकत होत्या. ट्रक जवळून गेला की ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायची. बोटांचे सांधे पांढरे पडायचे. पण चालवत होती नीट. माझ्यापेक्षा सावकाश, आणि माझ्यापेक्षा नीट.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. टपरीसमोरच्या बाकावर बसल्यावर माझा धीर सुटला.

"तुले काही सांगायचं आहे का मले?"

तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "आहे," ती म्हणाली.

"मग सांग."

"इथं नाही. तिथं सांगीन. इथं सांगतलं तर तुमी उठून गाडीत जाऊन बसाल." मग म्हणाली, "तुमाले माईत आहे ना मी कुठं जाते ते? तुमच्या ऑफिसातल्या त्यायनं मले फोन केल्ता. माफी मागून राहिले होते बिचारे."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी विचारायची ती वाट पाहत होती, आणि मी विचारलं नव्हतं. उरलेला रस्ता कसा सरला ते आठवत नाही.

वहिनीनं दार उघडलं. "या भाऊजी," म्हणाली. एवढंच. काहून आले, किती दिवसांनी आले, काही नाही. दादाचा फोटो हॉलमध्ये बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी होता. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. जेवणं झाली आणि आम्ही तिघं चालतच निघालो.

बैठक त्यांच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. मी मनात काहीतरी गंभीर, अंधारं चित्र रंगवलं होतं. तिथं तर सतरंजी, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला असावी तितकी माणसं, फक्त पुरुषही होते. माझे सहकारी मला पाहून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

बैठक चालवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, आवाज वॉर्डातल्यासारखा खणखणीत. नवीन माणूस म्हणून माझ्याकडं बघत त्यांनी नियम सांगितले.

"इथं कोणी कोणाले उपदेश करत नाही. आत्मा अमर आहे, देवाची मर्जी, असं समजावत नाही. ज्याले बोलायचं त्यानं बोलायचं, बाकीच्यायनं ऐकायचं. रडू आलं तर रडायचं, कोणी पाठीवर हात ठेवायची घाई करणार नाही. अन् ज्याले बोलायचं नसंल त्यानं चहा घेऊन घरी जायचं."

पहिल्यांदा पातूरकडचे एक म्हातारे शेतकरी बोलले. धोतर, डोक्यावर टोपी. म्हणाले, त्यांना जाळायचं कुठं यावरून दोन्ही पोरांचा आतापासूनच वाद सुरू आहे. मोठा म्हणतो शेतात, धाकटा म्हणतो गावच्या स्मशानात, कारण शेतात जाळलं तर पुढं त्या जागी पेरायचं कसं. "मी दोघाईले म्हटलं, अरे, मले विचारा ना. तर दोघंही म्हणतात, बाबा, असं अभद्र बोलू नका. मी बोललो का अभद्र, अन् त्यायनं भांडलं तर चालते!" सगळे हसले. म्हातारेही हसले. मग हसता हसता त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. म्हणाले, "शेतातच पायजे होतं मले. बोराच्या झाडापाशी. पण आता म्हणावं वाटत नाही. भाऊ भाऊ तुटतील."

मला तिथून उठावंसं वाटत होतं. माणसं मरणाबद्दल असं बोलतात, जसं पावसाबद्दल बोलावं? पण बायको माझ्या आणि दाराच्या मध्ये बसली होती.

मग एक निवृत्त शिक्षिका बोलल्या. त्यांची आई अतिदक्षता विभागात गेली. आत कोणाला सोडत नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून त्या लिफ्ट उघडल्याचा आवाज ऐकत राहिल्या, कोणी निरोप घेऊन येईल म्हणून. आता मॉलमध्ये, मुलाच्या बिल्डिंगमध्ये, कुठंही लिफ्टचा तो आवाज झाला की त्यांच्या हातापायातलं बळ जातं. मुलगा म्हणतो जिन्यानं या. "पण माझे गुडघे दुखतात हो," त्या म्हणाल्या. कोणी समजूत घालायला पुढं झालं नाही. ते मला सोसवेना.

नर्सबाईंनी विचारलं, "अजून कोणाले बोलायचं आहे?"

माझी बायको म्हणाली, "मले."

मी सतरंजीवरच्या एका डागाकडं पाहायला लागलो. आता ती रोगाचं नाव घेणार. इतक्या लोकांसमोर, आणि मला पहिल्यांदा तेव्हाच कळणार.

"आज आमचे हे आलेले आहेत," ती म्हणाली. "म्हणून मले जरा जड जाऊन राहिलं. पण मी दर वेळी जे बोलते तेच बोलणार आहे. मले यायच्या," तिनं माझ्याकडं हात केला, "यायच्या मरणाची भीती वाटते."

मी मान वर केली.

"यायच्या घरात माणसं पाणी मागता मागता जातात. यायचे वडील तसेच गेले, दादा तसेच गेले. आता यायचं तेच वय येऊन राहिलं. हे मनगट धरून बसतात, मी पाहते. पायऱ्या चढून आले का भिंतीले टेकतात, ते पण पाहते. मी म्हटलं का डॉक्टरकडं चला, तर पेपर उघडतात. मोबाइल पाहतात अन् मी आली का बंद करतात. मले आधी वाटलं दुसरंच काही आहे." दोघीतिघी हसल्या, तीही हसली. "मरण तर कोणाच्याही घरी येते. पण हे बोलतच नाहीत, त्याची मले जास्त भीती वाटते. मी घरात असून यायच्या भीतीजवळ मले जाता येत नाही."

मग म्हणाली, "मी गाडी शिकली. मले गाडीची हौस नाही. मले हायवेवर अजून रडू येते. पण दादाच्या वेळी जे झालं ते माह्या घरी होऊ नये म्हणून शिकली."

दादाच्या वेळी काय झालं होतं? मी वहिनीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती.

"भाऊजी, तुमी कधी विचारलं नाई," वहिनी म्हणाली. "म्हणून मी पण सांगतलं नाई. आज सांगू?"

मी मान हलवली.

"दुपारी जेवण झालं अन् त्यायच्या छातीत कळ आली. घामानं बनियान ओलं झालं. मी शंभरदा अँब्युलन्सले फोन लावला. येतो म्हणे, येतो म्हणे. शेजारचे सगळे लग्नाले गेल्ते. गाडी पोर्चमध्ये उभी होती. चावी दाराच्या खिळ्याले होती. मी चावी हातात घेऊन गेटपाशी उभी राहिली, का रस्त्यानं कोणी येते काय, त्याच्या हातात देऊ. कोणी आलं नाई. मी आत जाऊ, पुन्हा बाहेर येऊ. ते म्हणे, तू बस माह्यापाशी. मी नाई बसली. मी चावी घेऊन पळत राहिली. मले तेच टोचते. गाडी चालवता येत नव्हती ते नाई टोचत. बसली नाई ते टोचते."

नर्सबाई खाली मान घालून ऐकत होत्या. वहिनी पुढं म्हणाली, "त्याच्या आधी चार-आठ दिवस त्यायचा हात दुखत होता. मी म्हटलं, अमरावतीले भाऊजीले फोन करा, तिकडल्या मोठ्या डॉक्टरले दाखवू. तर म्हणे, त्याले सांगू नको. तो बाबा गेल्यापासून घाबरते. उगाच त्याच्या जिवाले घोर."

मला श्वास घेता येईना. छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं झालं. मी उठलो, खुर्ची मागं पडली, आणि बाहेरच्या गॅलरीत जाऊन कठडा धरला. खाली कोणीतरी सायकल लावत होतं. मला वाटलं, हेच ते. दुपार आहे, माणसं आहेत, पाणी मागायचं तेवढं राहिलं.

नर्सबाई मागं आल्या. त्यांनी काही न विचारता मनगट धरलं.

"छातीत दुखून राहिलं?"

"माहीत नाही."

"हात दुखते? जबडा?"

"माहीत नाही हो. मले भीती वाटून राहिली."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाल्याचं दिसलं नाही. "वाटणारच," त्या म्हणाल्या. "पण भीती आहे का हृदय आहे हे मी नुसती नाडी पाहून नाही सांगू शकत. ईसीजी काढायले जाऊ. आत्ताच." आणि हॉलकडं वळून त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. आमची गाडी वहिनीच्या दारात होती. माझे सहकारी धावत तिच्यासोबत गेले आणि पाहता पाहता ती गाडी घेऊन जिन्यापाशी आली.

मला मागच्या सीटवर बसवलं. शेजारी वहिनी बसली, पुढं नर्सबाई रस्ता सांगायला. रविवारचा बाजार होता, ऑटो आडवे येत होते. बायको हॉर्न वाजवत, ओठ घट्ट मिटून चालवत होती. एकदाही मागं वळून पाहिलं नाही तिनं. वहिनी माझा हात धरून होती, पण पाहत होती ते बायकोच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडं. दवाखान्याच्या गेटमधून गाडी आत शिरली तेव्हा वहिनीनं जो श्वास सोडला तो मला ऐकू आला.

ईसीजीत त्या वेळी भयंकर असं काही निघालं नाही. डॉक्टर तरुण होते. छातीचं ते दडपण बहुतेक घाबरल्यामुळं आलं असावं, म्हणाले. मग त्यांनी घराण्यात कोणाला हृदयाचा त्रास आहे का असं विचारलं. मी बायकोकडं पाहिलं. ती गप्प राहिली. मुद्दामच राहिली असणार. मग मीच सांगितलं. वडील, भाऊ, वय. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "आणि तुम्ही आजवर एकदाही तपासणी केली नाही?" मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते रागानं नव्हे, पण त्या नजरेत जे होतं ते बरं वाटणारं नव्हतं.

अमरावतीला आल्यावर पुढच्या तपासण्या झाल्या. अँजिओग्राफीत दोन ठिकाणी अडथळा दिसला. एका ठिकाणी स्टेंट टाकला, दुसऱ्याला औषधांवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. हे वाक्य ऐकून माणसाला सुटल्यासारखं वाटावं. मला वाटलं नाही. मला दादाचा दुखरा हात दिसत राहिला, जो त्यानं माझ्या घोरापायी लपवला होता.

साड्या पडून होत्या म्हणूनच दिल्या होत्या आणि थायरॉइड खरोखरच चांगला होता. मी काय धरून बसलो होतो, हे नंतर बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग रागावली. "मले मारूनच टाकलं होतं म्हणा ना तुमी!" पण त्या दिवसापासून घरात एक दार किलकिलं झालं. भाजी निवडताना ती एकदम विचारते, "मी राहिली एकटी तर पुण्याले पोरीकडं जाणार नाही, सांगून ठेवते. हे घर विकायचं नाही." मी म्हणतो, "आणि मी राहिलो तर?" ती म्हणते, "तर आधी भात लावायले शिका." यातली काही बोलणी भांडणावर जातात. डोळे दान करायचे यावर आमचं लगेच जमलं. देहदानावर अजून जमलेलं नाही. मला शरीर कापलं जाण्याचा विचार सोसत नाही, आणि ती म्हणते मेल्यावर काय सोसायचं आहे.

बैठकीला मी आता जातो. पहिल्यांदा बोललो तेव्हा दोन वाक्यांत गाडी अडली. मी म्हणालो, माझा भाऊ मला घाबरट समजत होता आणि ते खरं होतं. पुढं काही सुचेना. कोणी सुचवलंही नाही. पातूरचे ते म्हातारे चहाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसले आणि चिवड्याचा कागद पुढं केला. बोराच्या झाडाचं काय ठरलं, असं मी विचारलं. "नाई ठरलं," ते म्हणाले. "पण पोरगा विचाराले लागला."

पंचावन्नावं वर्ष सुरू झालं आणि पुढं सरकू लागलं. लोकांना वाटतं, बोललं की भीती जाते. माझी गेली नाही. अजूनही छातीत काही हललं की मी थांबतो. फरक इतकाच की आता मी बायकोला सांगतो. ती विचारते, "कुठं दुखते?" मी बोट ठेवून दाखवतो. ती म्हणते, "वांग्याचं भरीत जास्त झालं," किंवा चावी घेते. एकदा चावी घेतली, दवाखान्यात गेलो, गॅस निघाला. परत येताना दोघंही हसत होतो, पण स्टिअरिंग तिनं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

एक काम मात्र मी पुढं ढकलत होतो. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. माझ्या स्टेंटचं तिला माहीत होतं, येऊनही गेली होती. पण हे घराण्यात आहे, आजोबांपासून आहे, हे मी तिला सरळ सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, "तुमीच सांगा. मी नाही सांगणार." एका रविवारी दुपारी मी फोन लावला. इकडतिकडचं बोललो. मग सांगितलं. आजोबांचं, दादाचं, माझं, वयं सांगितली, लपवून ठेवलेलं हात दुखणंही सांगितलं.

तिनं वयं पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे मी पण तपासून घ्यायचं का?"

याच प्रश्नाला मी इतके दिवस घाबरत होतो. तो माझ्या पोरीच्या आवाजात ऐकणं फार वाईट होतं.

"हो," मी म्हणालो. "घे तपासून."

"तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते."

"मला पण वाटतेय आता."

मी तिला घाबरू नको म्हणालो नाही. म्हणावंसं फार वाटलं. मग तिनं विचारलं, "आजोबा कसे होते हो? मला ते गेले कसे तेवढंच माहीत आहे, आणि तेही आजच."

मला एकदम काही आठवेना. इतकी वर्षं वडील म्हणजे ओट्यावरची ती एक दुपार होती. मग हळूहळू आठवायला लागलं. ते मला खांद्यावर बसवून एका रुळावरून चालायचे, हात पसरून, तोल सावरत, सिग्नलपर्यंत. मी त्यांचे केस घट्ट धरायचो. ते ओरडायचे, "अबे, केस सोड ना, टक्कल पाडशील!" तेलाचा आणि खडीच्या धुळीचा वास यायचा त्यांना.

"मग पडलात का कधी?" तिनं विचारलं.

"एकदा पडलो," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.